जपमाळ, बोटातला काउंटर आणि फोनवरचे ॲप : रोजच्या जपाला कोणते साधन साथ देते?

जपासाठी साधन लागतेच असे नाही. मंत्र ठाऊक असला आणि शांत बसायला दहा मिनिटे मिळाली की काम भागते, असे सांगणारे जाणते लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरीही ज्यांना नोकरी, घर, प्रवास आणि अधूनमधून येणारी आजारपणे सांभाळून रोज जप करायचा आहे, त्यांच्या हाताला काहीतरी धरायला लागते, असे माझे मत बऱ्याच वापरानंतर झाले आहे. या परीक्षणात मी तीन वस्तूंविषयी लिहिते आहे : १०८ मण्यांची लाकडी जपमाळ, बोटात अंगठीसारखा घालायचा डिजिटल काउंटर आणि फोनवरचे जप मोजणारे ॲप. तिन्ही मी नियमित वापरल्या आहेत. माळेविषयी मात्र जास्त लिहिणार आहे, कारण सांगण्यासारखे तिच्यातच जास्त आहे.

मुळात मोजणी कशासाठी हवी, हे आधी स्पष्ट केलेले बरे. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातले २७वे सूत्र प्रणवाला, म्हणजे ओंकाराला, ईश्वराचा वाचक म्हणजे त्याचा बोध करून देणारा शब्द म्हणते आणि लगेच २८वे सूत्र त्याचा जप व त्याच्या अर्थाची भावना अशी दोन कामे एकदम सांगते. उच्चार आणि अर्थाकडे लक्ष एवढ्यातच मन पुरते गुंतलेले असते. त्यात ‘चव्वेचाळीस झाले, आता पंचेचाळीस’ हे तिसरे काम आले की आधीच्या दोहोंपैकी एक निसटते, आणि बहुतेक वेळा निसटतो तो अर्थच. मोजणी अजिबात नको म्हणावे तर ‘किती वेळ झाला असेल’ या विचाराने डोळे घड्याळाकडे वळतात. म्हणून साधनाकडून माझी अपेक्षा अशी आहे की त्याने मोजणीचे काम मनाकडून काढून हाताकडे द्यावे, मन भरकटले तर ते लक्षात आणून द्यावे, आणि उठताना आकड्याचा अभिमान किंवा खंत मागे ठेवू नये. पहिली अपेक्षा तिन्ही साधने थोड्याफार फरकाने पूर्ण करतात. उरलेल्या दोन अपेक्षांवरच खरा निकाल लागतो.

माझ्या रोजच्या वापरातल्या माळेचे मणी ८ मिलिमीटरचे असून प्रत्येक दोन मण्यांमध्ये सुताची एक गाठ आहे. १०८ मण्यांची नुसती लांबी ८६४ मिलिमीटर होते आणि गाठी धरल्या तर माळेचा पूर्ण फेरा जवळजवळ एक मीटर भरतो. मांडीवर हात ठेवून बसले असता एवढी माळ जमिनीला टेकत नाही आणि हाताला ओझे होत नाही. ६ मिलिमीटरच्या मण्यांची माळ नाजूक दिसते, पण अंगठ्याखालून एकदम दोन मणी सरकण्याचा धोका तिच्यात जास्त असतो, विशेषतः पहाटे बोटे थंड आणि जड असताना. १० मिलिमीटरची माळ हाताला सुखाची वाटते. मात्र ती खिशात किंवा पर्समध्ये फुगून बसते, त्यामुळे घराबाहेर नेली जात नाही. रोज जवळ राहील अशा माळेसाठी ८ मिलिमीटर हे माप मला सर्वांत योग्य वाटते.

मणी ओढण्याची क्रिया बारकाईने सांगण्यासारखी आहे. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पडलेली असते, तर्जनी परंपरेप्रमाणे बाजूला राहते आणि अंगठा एकेक मणी आपल्याकडे ओढतो. मणी बोटाच्या कडेवरून घरंगळतो, त्यामागून गाठ येते आणि तिचा बारीकसा अडसर अंगठ्याच्या पेराला जाणवतो. हा अडसर म्हणजे एक आवर्तन पुरे झाल्याची खूण होय. ती डोळ्यांनी पाहावी लागत नाही, कानांनी ऐकावी लागत नाही, म्हणून डोळे मिटून आणि पूर्ण शांततेत ती मिळत राहते. मन दुसरीकडे गेले की पुष्कळदा हात आपोआप थांबतो. एकच मणी अंगठा आणि बोट यांच्यात दाबलेला राहतो आणि थोड्या वेळाने त्या दाबाचीच जाणीव होते. जाणीव झाली की मंत्र पुन्हा त्याच मण्यापासून सुरू करायचा, एवढेच करायचे असते. कुठून भरकटलो, कशामुळे भरकटलो याचा तपास करत बसण्याची गरज पडत नाही, कारण परत यायची जागा बोटांत धरलेलीच असते. हा गुण मला इतर कोणत्याही साधनात इतक्या साधेपणाने मिळालेला नाही, आणि माळेला मी पहिली पसंती देते ती मुख्यतः यामुळेच.

माळेत उणीव नाही असे मात्र नाही. सवय जुनी झाली की हात मनाची वाट न पाहता पुढे पळू लागतो आणि मंत्र अर्धा असतानाच पुढचा मणी येतो. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा की मणी मंत्राच्या सुरुवातीला न ओढता शेवटचे अक्षर संपल्यावरच ओढावा. सुरुवातीला ओढलेला मणी ‘आता म्हणायचे आहे’ असे सांगतो, शेवटी ओढलेला मणी ‘म्हणून झाले’ असे सांगतो. दुसऱ्या पद्धतीत हाताला मंत्राच्या मागे राहावेच लागते. दुसरी उणीव मेरुमण्याजवळ, म्हणजे माळेची सुरुवात-शेवट दाखवणाऱ्या वेगळ्या मण्याजवळ, जाणवते. शेवटचे दहाबारा मणी राहिले आहेत हे बोटांना आधीच कळते आणि जप उरकण्याची घाई सुरू होते. मेरू न ओलांडता माळ फिरवून उलट दिशेने पुढे जाण्याची जी रीत आहे, तिचा येथे व्यावहारिक लाभ होतो, असा माझा अनुभव आहे. माळ फिरवताना हात क्षणभर थांबतो, श्वास एकदा मोकळा होतो आणि पुढची माळ पुन्हा मूळ गतीने सुरू करता येते.

विकत घेताना काय पाहावे, याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण माळेच्या जाहिरातीत मण्यांच्या पावित्र्याविषयी पुष्कळ लिहिलेले असते आणि ओवणीविषयी जवळजवळ काहीच नसते. मणी कशाचे आहेत हे परंपरेनुसार, उपास्य दैवतानुसार आणि आवडीनुसार ठरते. तुळशीच्या काष्ठाचे मणी हलके असतात, रुद्राक्ष खडबडीत असल्याने बोटाखाली स्पष्ट लागतो, आणि स्फटिक गुळगुळीत, जड व हाताला गार असतो; रोजच्या धावपळीत तो पडून फुटण्याची काळजी घ्यावी लागते. यांतला कोणताही मणी चांगलाच, पण माळ टिकते ती छिद्र आणि सूत यांच्या जिवावर. छिद्राची कड धारदार राहिली असेल तर ती दर ओढीला सूत कापत जाते, म्हणून नखाने दोनचार मण्यांची कड चाचपून पाहावी. गडद रंगाच्या लाकडी मण्यांवर ओले पांढरे फडके घासावे. फडक्याला रंग लागला तर घामाने तो हाताला आणि कपड्यांनाही लागणार हे नक्की. इलॅस्टिकवर ओवलेल्या माळा मनगटात घालायला सोयीच्या असल्या तरी जपाला निरुपयोगी ठरतात, कारण ओढले की दोरा ताणला जातो, मणी जागेवरून हलत नाही आणि सोडताच सगळे पूर्ववत होते. गाठी नसलेली माळ घ्यायची असेल तर एकदोन मण्यांइतका दोरा सैल असल्याची खात्री करावी, नाहीतर मणी सरकायला जागाच उरत नाही. गाठींच्या माळेचा आणखी एक फायदा असा की ती तुटली तरी मणी घरभर विखुरत नाहीत.

माझ्याकडे आधी असलेल्या एका माळेचा गोंडा फार लांब होता. तो दर फेरीला बोटांत अडकत असे आणि नेमका मेरूजवळचा दोरा त्याच्या ओढीने झिजला. दुकानदाराने ती पुन्हा ओवून देण्यास नकार दिला. तेव्हापासून मी गोंडा आखूड असलेली माळच निवडते आणि घेण्यापूर्वी ओवून मिळेल का, हे विचारते.

एका माळेला किती वेळ लागतो, हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर मंत्राच्या लांबीवर अवलंबून आहे. तेरा अक्षरांच्या राममंत्राला सुमारे चार सेकंद धरले तर १०८ आवर्तनांना सात मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. गायत्री मंत्र व्याहृतींसह (सुरुवातीच्या भूः, भुवः, स्वः यांसह) सावकाश म्हटला आणि प्रत्येक आवर्तनाला बारा सेकंद धरले, तर एक माळ साडेएकवीस मिनिटांपर्यंत जाते. एका श्वासाला एक ओंकार अशा पद्धतीने, मिनिटाला सहा श्वासांच्या गतीने, १०८ ओंकारांना अठरा मिनिटे पुरतात. कामाच्या दिवशी सकाळी आपल्याजवळ खरोखर किती मिनिटे असतात, हे प्रामाणिकपणे पाहून मग मंत्र आणि माळांची संख्या ठरवावी. दीर्घ मंत्राच्या तीन माळांचा संकल्प करून आठवड्याभरात तो सोडून देण्यापेक्षा छोट्या मंत्राची एक माळ कितीतरी चांगली.

श्वासाच्या या गतीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २३ निरोगी प्रौढांना लॅटिनमधील ‘आवे मारिया’ ही प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र म्हणायला सांगितले होते. दोन्हींमुळे त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि रक्तदाबातील चढउतारांना हृदयाकडून मिळणारा प्रतिसाद अधिक चांगला झाल्याचे दिसले. अभ्यास लहान आहे आणि तो पठणाच्या वेळचा परिणाम सांगतो, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण उघडपणे म्हटलेला मंत्र श्वासाला लगाम घालतो, एवढे त्यातून नक्की समजते आणि रोज जप करणाऱ्याला तेवढे पुरते. मोठ्याने किंवा कुजबुजत म्हणताना उच्चारासाठी श्वास सोडावाच लागतो, म्हणून गती आपोआप धरली जाते. मनातल्या मनात म्हणताना हे बंधन राहत नाही आणि मंत्र पाहता पाहता धावू लागतो.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात विधियज्ञापेक्षा, म्हणजे विधीनुसार केलेल्या यज्ञापेक्षा, जपयज्ञ दहापट, उपांशु म्हणजे जवळच्यालाही ऐकू न जाणारा जप शंभरपट आणि मानस जप हजारपट श्रेष्ठ असल्याचे सांगितले आहे. ही चढण आहे, हे विसरून अनेकजण पहिल्याच दिवशी मानस जपाला हात घालतात आणि मन टिकत नाही म्हणून निराश होतात. दिवसभराच्या कामाने डोके भणभणत असेल तेव्हा मी पहिले पंचवीसएक मणी स्पष्ट आवाजात, त्यानंतरचे ओठ हलवून आणि उरलेले मनात अशी वाटणी करते. माळ हातात असल्यामुळे कोणत्या टप्प्यावर आहोत, हे बोटांना अंदाजाने कळत राहते. एकाच मंत्राची माळ नेहमीपेक्षा फारच लवकर संपली, तर त्या दिवशी गती कुठेतरी सुटली होती हेही त्यावरूनच समजते.

आता काउंटरकडे वळते. रबरी पट्टीने बोटात बसणारे, वर छोटा पडदा आणि अंगठ्याने दाबायचे बटण असलेले हे यंत्र स्वस्त, हलके आणि चालताना फार उपयोगी आहे. फिरायला जाताना माळ हातात धरली की ती झुलते, गोंडा कपड्यात अडकतो, आणि पावसात सूत भिजते. काउंटरला यांतले काहीच होत नाही. संख्या मोठी असेल, एखाद्या पुरश्चरणासारख्या (ठरवलेल्या मोठ्या संख्येचा जप पुरा करण्याच्या) संकल्पाची नोंद अनेक दिवस ठेवायची असेल, तर त्याची अचूकता निर्विवाद आहे. परंतु बटणाचा टक् असा आवाज शांत खोलीत जाणवतो आणि शेजारी कोणी बसले असेल तर त्यालाही त्रास होतो. काही नमुन्यांत आकडा शून्य करणारे बटण मोजणीच्या बटणाला इतके लागून असते की अंगठा किंचित घसरला तरी सगळी नोंद पुसली जाते. घेताना हे दोन्ही वेगळ्या बाजूंना आहेत ना, ते पाहावे. सर्वांत मोठी अडचण पडद्याची आहे. आकडा समोर असला की तो पाहण्याचा मोह होतोच, आणि एकदा पाहिला की पुढची दहापंधरा आवर्तने मन त्या आकड्याभोवती फिरते. पडदा तळहाताच्या बाजूला फिरवून बोटात घातला तर हा त्रास बराच कमी होतो. मन भरकटले तरी अंगठा बटण दाबत राहू शकतो, किंवा दाबायचे राहून जाते. दाबले की नाही हे नंतर कशावरूनही ठरवता येत नाही. माळेत तो मणी हातात असतो, यंत्रात तशी काही खूण उरत नाही.

फोनवरच्या ॲपविषयी माझे मत अधिक कडक आहे. त्यांचा एक उपयोग मी मनापासून मान्य करते : मंत्राचा शुद्ध उच्चार ऐकायला मिळतो. संस्कृतची सवय नसलेल्याला ऱ्हस्व-दीर्घ, विसर्ग आणि जोडाक्षरे यांचा नीट परिचय व्हायला सुरुवातीचे काही दिवस ध्वनिमुद्रण ऐकणे हिताचे असते. मात्र उच्चार बसल्यावरही त्याच आवाजासोबत म्हणत राहिले तर दुसऱ्याच्या श्वासाची गती आपल्यावर लादली जाते. गायक जिथे श्वास घेतो तिथे आपल्याला घ्यावा लागतो. मोजणीसाठी पडद्यावर बोट टेकवावे लागते, त्यासाठी पडदा चालू ठेवावा लागतो, आणि चालू पडद्यावर निरोप येत राहतात. सूचना बंद ठेवल्या तरी फोन हातात आहे ही जाणीव पुसली जात नाही. जप संपताच अंगठा सवयीने दुसरीकडे जातो आणि नुकतेच निवलेले मन दोन मिनिटांत पुन्हा बातम्यांत आणि निरोपांत अडकते.

त्याहून मला खटकते ती सलग दिवसांची साखळी. अनेक ॲपमध्ये रोजच्या उपस्थितीचा आकडा वाढत जातो आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. हार्वर्डचे वैद्य हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली एक शब्द श्वासागणिक मनात म्हणत राहण्याची जी साधी पद्धत लोकांपुढे मांडली, तिच्यात आपल्याला किती चांगले जमते आहे याची चिंता करू नये आणि विचार आले तर सहजपणे पुन्हा शब्दाकडे यावे, ही अट मुख्य होती. जपाच्या परंपरेतही मनाला ओढत न आणता वळवून आणावे, असेच शिकवले जाते. तापाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पडद्यावर शून्य दाखवणारे साधन या शिकवणीच्या नेमके विरुद्ध जाते. ज्यांना अशा साखळीमुळे नियम लागतो त्यांनी ती जरूर वापरावी; पण साखळी तुटल्यावर जपच सोडून दिलेली माणसे मी पाहिली आहेत.

रोजच्या जीवनात जप मुरवायचा असेल तर मोठ्या माळेच्या जोडीला २७ मण्यांची स्मरणी घ्यावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. तिच्या चार फेऱ्यांत १०८ पुरे होतात, ती मुठीत मावते आणि खिशातल्या खिशात फिरवता येते. रांगेत उभे असताना, बसमध्ये, दवाखान्यात आपला क्रमांक येण्याची वाट पाहताना किंवा कठीण बैठकीला आत जाण्यापूर्वी एखादी फेरी होऊन जाते. वाट पाहण्याचा हा वेळ एरवी चिडचिडीत किंवा फोनमध्ये जातो. मात्र स्मरणी ही सकाळच्या बैठकीची जागा घेत नाही. बैठकीत मंत्र जितका खोल रुजलेला असेल तितकाच तो गर्दीत सापडतो, हा क्रम उलटा करून चालत नाही. वाहन चालवताना आणि यंत्रावर काम करताना ती खिशातच ठेवावी. जवळ काहीच नसेल तर उजव्या हाताच्या चार बोटांची बारा पेरे अंगठ्याने मोजावीत आणि दर बारांना डाव्या हाताचे एकेक पेर पुढे सरकवावे. डावीकडे नऊ झाली की १०८ भरतात. ही सोय विनामूल्य आहे आणि कधीच हरवत नाही, पण सवय होईपर्यंत तिच्यात थोडे लक्ष जाते.

जपाची वेळ वेगळी शोधण्यापेक्षा रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला ती जोडावी, हे मी आवर्जून सुचवेन. स्नान झाल्यावर लगेच किंवा रात्री दिवा मालवण्यापूर्वी, अशी वेळ ठरली की माळही तिथेच ठेवावी. कपाटात जपून ठेवलेली माळ हातात यायला उशीर लागतो. दीर्घकाळ झोप नसणे, खोल निराशा किंवा सततची भीती असेल तर जपाच्या बरोबरीने वैद्यकीय मदत घ्यावी. मंत्र धीर देतो, पण उपचार थांबवून त्याच्यावर भार टाकू नये.

तीन साधनांत निवड करायची झाली तर बैठकीसाठी गाठींची १०८ मण्यांची माळ, दिवसभरासाठी स्मरणी, चालताना किंवा मोठ्या संकल्पाची नोंद ठेवताना काउंटर, आणि उच्चार शिकेपर्यंतच ॲप, असा माझा क्रम आहे. माळेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण सुतासाठी कापला आहे. सुती दोरा घाम शोषतो, काळवंडतो आणि सैल पडतो, त्यामुळे नियमित वापरात तो कधी ना कधी बदलावा लागतोच. मेरूच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या दोन गाठी अधूनमधून उजेडात पाहाव्यात. तिथले तंतू विस्कटलेले दिसले की तुटण्याची वाट न पाहता माळ ओवायला द्यावी, आणि देताना मणी मोजून द्यावेत व परत घेतानाही मोजून घ्यावेत.